झाकणाच्या आवाजाची पदवी

ओव्हनमध्ये ठेवायचं मातीचं जाड भांडं आणि त्यावर तसंच मातीचं झाकण. झाकणाची कड भांड्याच्या कडेवरून फिरवली की खरखरीत, दाणेदार आवाज येतो. झाकण नुसतं टेकवलं तरी ठण्ण होतं आणि त्याची आस थोडा वेळ भांड्याच्या पोटात घुमत राहते. १९८२ साली जॉन्टी हॅरिसन या इंग्रज संगीतकाराने नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या स्टुडिओत अशा दोन भांड्यांच्या आवाजांवर काम करून ‘क्लांग’ ही नऊएक मिनिटांची रचना बांधली. जोडीला गुरांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, धातूच्या कांबी आहेत, यंत्रावर घडवलेले काही आवाज आहेत. पण रचनेचा कणा भांड्यांचाच.

या प्रकाराला इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत म्हणतात. आवाज माइकने टिपायचा किंवा यंत्रावर तयार करायचा, स्टुडिओत कापायचा, ताणायचा, एकावर एक रचायचा आणि शेवटी स्पीकरमधून ऐकवायचा. व्यासपीठावर गायक नाही, वादक नाही. युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांत यावर पदवी मिळते, पीएचडीही करता येते. कॉलेजात जाऊन भांड्याची झाकणं फिरवायची आणि त्यासाठी वर फी भरायची, हे मराठी घरातल्या आईबापांना पटवून देणं सोपं नाही. मात्र तिथे नेमकं काय शिकवतात हे पाहिलं की लक्षात येतं, झाकण हे निमित्त आहे. शिकवायचा असतो तो कान.

पिन मुद्दाम अडकवणारा माणूस

या शिक्षणाचं मूळ एका रेडिओ इंजिनिअरकडे जातं. पिएर शेफेर पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओत नोकरीला होता. १९४८ साली तो बातिन्योल स्थानकावर ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन गेला आणि इंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार, रुळांवरचा खडखडाट टिपून आला. त्यातून झालेली रचना, आणि तशाच आणखी काही, ५ ऑक्टोबर १९४८ रोजी रेडिओवर प्रसारित झाल्या. तेव्हा त्याच्या हाताशी टेप नव्हती, तबकड्या होत्या. ग्रामोफोनची पिन अडकली की तेच तेच वाजत राहतं, हा अनुभव जुन्या पिढीला आहे. शेफेरने ती मुद्दाम अडकवली. तबकडीवर बंद खाच कोरली की आवाजाचा एक तुकडा स्वतःभोवती फिरत राहतो. चार-पाच फेऱ्यांनंतर ते इंजिन आहे हे कान विसरतो आणि त्यातली लय, त्यातला खरखरीतपणा, त्यातला चढ-उतार ऐकू लागतो.

दुसरा प्रयोग घंटेचा. घंटेवर टोल पडतो तो क्षण कापून टाकला आणि नुसती मागची आस वाजवली, तर ती घंटा वाटतच नाही, एखादं फुंकवाद्य असावं असं वाटतं. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत किती दडलेली असते, हे यातून कळलं. आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतात. संगणकावर तो दोन मिनिटांचं काम आहे, पण ऐकणाऱ्याचा चेहरा अजूनही बदलतो.

१९६८मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शेफेरने वर्ग सुरू केला आणि रेडिओच्या खोलीतली ही विद्या रीतसर शिकवण्याचा विषय झाली. पॅरिसमध्ये शिकलेला न्यूझीलंडचा डेनिस स्मॉली पुढे ईस्ट अँग्लियात शिकवू लागला. आवाजाचं वर्णन कसं करायचं याची परिभाषा त्याने बांधली: आवाज कसा सुरू होतो, कसा टिकतो, कसा विरतो, त्याचा पोत दाणेदार की सलग, तो जागच्या जागी आहे की कुठे निघाला आहे. वर्गात एखादा आवाज लावला की विद्यार्थ्यांनी ‘हा दरवाजा’, ‘ही मोटार’ असं म्हणायचं नाही. वस्तूचं नाव न घेता आवाजाबद्दल बोलायचं. सुरुवातीला बहुतेकांची वाचा बसते.

आपल्याकडे ही नजर, खरं तर हा कान, नवीन नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग कणाकणाने घासतो, तारेखालचा सुती धागा केसभर सरकवतो आणि प्रत्येक वेळी ऐकतो. तो सूर बदलत नसतो. त्याच सुरातले वरचे स्वरांश उघडत असतो. संगणकाच्या पडद्यावर ध्वनीचा वर्णपट पाहून विद्यार्थी जे शिकतात, ते त्याच्या बोटांना ठाऊक असतं. फरक एवढाच की त्याला ते कुणी पेपरात लिहायला लावत नाही.

माइक ठेवायचा कुठे

रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन विषय पुस्तकात वेगळे असले तरी स्टुडिओत वेगळे राहत नाहीत. वाईट टिपलेला आवाज पुढे कितीही सजवला तरी वाईटच राहतो, त्यामुळे पहिली कित्येक प्रात्यक्षिकं नुसत्या माइकवर जातात.

मातीच्या झाकणाचंच घ्या. दिशादर्शी माइक हातभर अंतरावर ठेवला तर भांडं आणि खोली दोन्ही ऐकू येतात. तोच माइक दोन बोटांवर आणला की खोली नाहीशी होते, खालचे स्वर फुगतात आणि घासणाऱ्या कडेवरचा प्रत्येक खवला वेगळा कळतो. डोळे मिटून ऐकलं तर पहिला आवाज स्वयंपाकघरातला वाटतो, दुसरा दगडाच्या खाणीतला. तिसरा मार्ग पिएझो चकतीचा. घड्याळाच्या किंवा खेळण्यातल्या बझरमध्ये असते तीच पातळ पितळी चकती वायरीला डाख देऊन जोडायची आणि भांड्याला बाहेरून चिकटवायची. ही हवा ऐकत नाही, भांड्याच्या अंगातला कंप ऐकते. एखाद्या चहाच्या किमतीत मिळणारी ही चकती ज्यांनी एकदा वापरली, ते नंतर कुंपणाच्या तारा, जिन्याचे कठडे, फ्रिजचं दार असं काहीही ऐकत सुटतात.

मग स्टिरिओ. दोन माइक किती अंतरावर, किती अंशांत? फ्रेंच रेडिओने रूढ केलेल्या एका पद्धतीत ते १७ सेंटिमीटर अंतरावर आणि एकमेकांपासून ११० अंशांत वळवून ठेवतात; माणसाच्या दोन कानांमधलं अंतर साधारण तेवढंच. त्याआधी, १९३१ साली, लंडनच्या ॲलन ब्लमलाइनने दोन माइक एकाच बिंदूवर काटकोनात ठेवून स्टिरिओचं तंत्र पेटंटच्या अर्जात मांडलं होतं. विद्यार्थ्यांना वादकांची एकच चौकडी, एकच गायक अनेक पद्धतींनी टिपायला सांगतात आणि मग कोणतं मुद्रण कोणत्या पद्धतीचं हे नुसतं ऐकून ओळखायला लावतात.

खोलीचाही विचार शिकावा लागतो. त्याची जन्मकथाही विद्यापीठातली आहे. १८९५च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकाचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, कुणाला काही कळायचं नाही. वॉलेस सॅबिन या तरुण शिक्षकावर ते काम आलं. तो आणि त्याचे मदतनीस रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणत, त्या पसरून घुमारा किती कमी झाला ते मोजत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवत. त्या गाद्यांमधून घुमाऱ्याचं सूत्र निघालं. आजच्या स्टुडिओंची खोलीच्या आतली खोली, रबरावर तरंगणारी फरशी, भिंतींवरचे तिरके फळे, सगळं त्याच घराण्यातलं.

ध्वनिमुद्रणाच्या शिक्षणात जर्मनीतल्या डेटमोल्डचं नाव आदराने घेतात. तिथे १९४९पासून टोनमाइस्टर घडवतात. हा माणूस संगीतातलाही असतो आणि तंत्रातलाही. संहिता वाचत वाचत ध्वनिमुद्रण करतो आणि व्हायोलिनने सत्ताविसाव्या मापात चूक केली हे तंत्रज्ञाच्या खुर्चीतून सांगू शकतो. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने १९७०मध्ये तसा अभ्यासक्रम सुरू केला. संगीताबरोबर गणित आणि भौतिकशास्त्रही पक्कं असलेली मुलं तिथे येतात आणि मधलं एक अख्खं वर्ष बाहेर खऱ्या स्टुडिओत काढतात. शास्त्र शाखा की कला शाखा या आपल्याकडच्या दहावीनंतरच्या झगड्याला तिथे अर्थच उरत नाही.

कात्री, चिकटपट्टी, संगणक

टेपच्या काळात विद्यार्थी अक्षरशः कापाकापी करत. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर एक सेकंदाचा आवाज म्हणजे वीतभराहून मोठी पट्टी. ती ब्लेडने तिरकी कापायची, चिकटवायची, तुकडे भिंतीला लावून ठेवायचे, नावं लिहायची विसरलं की दिवस वाया. आता तेच काम पडद्यावर होतं. एका आवाजाचे मिलिसेकंदांचे कण करून ते हजारोंनी विखुरता येतात, अर्ध्या सेकंदाची टिचकी मिनिटभर ताणता येते, एका आवाजाचा पोत दुसऱ्याला चढवता येतो.

हे कुठवर नेता येतं याचं उदाहरण म्हणून जोनाथन हार्वीची १९८०ची ‘मोर्तुओस प्लांगो, व्हिवोस व्होको’ ही रचना जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अभ्यासाला असते. विंचेस्टर कॅथीड्रलची मोठी घंटा आणि तिथल्याच गायकवृंदात गाणाऱ्या हार्वीच्या मुलाचा आवाज, एवढीच सामग्री. पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत संगणकाने घंटेतले स्वरांश वेगळे केले गेले आणि त्या स्वरांशांवरच रचनेचे विभाग बेतले. आठ स्पीकरांच्या मधोमध बसलेल्या श्रोत्याला आपण घंटेच्या आत बसलो आहोत आणि पोराचा आवाज भोवती फिरतो आहे असं वाटतं. मुलगा कुठे संपला आणि घंटा कुठे सुरू झाली ते शोधण्यात विद्यार्थ्यांचे तासच्या तास जातात.

तेव्हा अशा संगणकाजवळ जायला फार थोड्यांना मिळे. १९८६मध्ये यॉर्कमध्ये ट्रेव्हर विशार्ट आणि त्याच्या सोबत्यांनी अटारीसारख्या घरगुती संगणकावर चालेल असं सॉफ्टवेअर जमवायला घेतलं ते याच अडचणीतून. आता बहुतेक सगळं लॅपटॉपवर येतं, त्यातलं बरंच फुकट. मग विद्यापीठ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर साप्ताहिक बैठकीत मिळतं. प्रत्येकाने आपला अर्धामुर्धा तुकडा सगळ्यांसमोर चांगल्या स्पीकरवर लावायचा आणि गप्प बसायचं. दुसरे बोलतात: इथे कंटाळा आला, हा आवाज तीनदा आला, ही जी गुणगुण आहे ती मुद्दाम आहे की वीजवाहिनीची? रात्री हेडफोनवर भव्य वाटलेलं काही दहा जणांच्या समोर दोन मिनिटांत उघडं पडतं. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

अंधारात शंभर स्पीकर

हॅरिसन बर्मिंगहॅम विद्यापीठात शिकवायला आला आणि १९८२मध्येच त्याने तिथे ‘बीस्ट’ सुरू केलं. हे बर्मिंगहॅम इलेक्ट्रोअकूस्टिक साउंड थिएटरचं आद्याक्षरी नाव. फ्रान्समध्ये फ्रांस्वा बेल याने १९७४मध्ये ‘अकूस्मोनियम’ नावाने स्पीकरांचा वाद्यवृंद मांडला होता. बीस्ट त्याच कुळातलं, पण विद्यार्थ्यांच्या खांद्यावर उभं राहिलेलं. मोठ्या मैफलीला शंभराच्या आसपास स्पीकर लागतात. समोर, बाजूला, मागे, दूर, उंचावर. शिवाय श्रोत्यांच्या डोक्यावर उंच स्वरांचे छोटे स्पीकर झुंबरासारखे टांगलेले.

मैफलीच्या आधीचा दिवस हमालीचा. केबल ओढायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची, स्टँडवर स्पीकर चढवायचे आणि मग एकेक स्पीकरवर खरखर सोडून कोणता उलटा जोडला गेलाय ते शोधायचं. पीएचडी करणारी मंडळीसुद्धा यातून सुटत नाहीत. कोणती जागा आवाज दूर ढकलते आणि कोणती छातीवर आणते, हे स्पीकर उचलताना जसं कळतं तसं कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

मैफलीत संगीतकार प्रेक्षकांच्या मधोमध, फेडरांच्या पाटीपुढे बसतो. मूळ रचना बहुतेक वेळा फक्त दोन ट्रॅकची असते. ती सभागृहभर कशी फिरवायची हे तो त्या क्षणी ठरवतो. आवाज बारीक असेल तर समोरच्या दोन स्पीकरांवर ठेवतो, उसळी आली की मागचे उघडतो, झंकार वर उचलतो. दिवे मंद असतात. टाळ्या नेमक्या कुणासाठी, हा गोंधळ नवख्या श्रोत्याचा होतोच. एकच रचना मुंबईच्या चिंचोळ्या हॉलमध्ये आणि बर्मिंगहॅमच्या उंच छताच्या सभागृहात वेगळी फिरवावी लागेल. आपल्याकडचा गवई सभागृह आणि श्रोते पाहून राग मांडतो, त्यालाही हे पटावं.

विद्यापीठाचा फायदा

सुरुवातीला ही यंत्रं एवढी महाग होती की विद्यापीठांशिवाय ती कुणाला परवडतच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांनी मिळून १९५९मध्ये स्टुडिओ उभारला तो रॉकफेलर फाउंडेशनच्या १,७५,००० डॉलरांवर. तिथलं आरसीए कंपनीचं सिंथेसायझर खोलीची भिंत व्यापून बसलेलं होतं आणि त्याला सूर सांगायचे तर कागदाच्या पट्टीवर भोकं पाडावी लागत.

पैसे परतही आले, अनपेक्षित वाटेने. स्टॅनफर्डमध्ये जॉन चौनिंग १९६७मध्ये संगणकावर स्वराचा कंप वाढवून पाहत होता. कंपाचा वेग कानाला वेगळा ऐकू येईनासा होईपर्यंत चढवला आणि कंप संपून नवाच नादरंग उभा राहिला. अमेरिकी कंपन्यांना त्यात रस वाटला नाही. यामाहाने परवाना घेतला आणि १९८३मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड बाजारात आणला. ऐंशीच्या दशकातली सिनेगीतं ज्याने ऐकली आहेत त्याच्या कानावर त्याचे काचेसारखे सूर पडलेले आहेतच. स्टॅनफर्डला या पेटंटमधून दोन कोटी डॉलरांहून जास्त मिळाले. गंमत अशी की मधल्या काळात याच विद्यापीठाने चौनिंगला कायम करायला नकार दिला होता. नंतर त्याला परत बोलावलं.

अहमदाबादचं यंत्र

भारतात हे सगळं कधी येणार, असं विचारायची सोय नाही. ते १९६९मध्येच आलं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, न्यूयॉर्कचा पियानोवादक आणि संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ मांडून दिला. त्यात मूग सिंथेसायझर होता: वायरींच्या गुंतवळ्याने जोडायच्या खोक्यांचं कपाट. तेव्हा जगातल्या अनेक नामवंत विद्यापीठांकडे तो नव्हता.

यामागे साराभाई घराणं होतं. संस्था उभारण्यात गौतम आणि गीरा साराभाई यांचा हात, आणि त्यांची बहीण गीता गाण्यात आणि पखवाजात शिकलेली. १९४६मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर तिने जॉन केजला भारतीय संगीत शिकवलं आणि त्या बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. फीचा प्रश्नच आला नाही. केजच्या पुढच्या विचारांवर या देवघेवीची छाप आहे, हे तो स्वतः सांगत असे. ट्यूडर केजचा जवळचा सहकारी. धागा असा जुळलेला.

त्या स्टुडिओत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. १९७२च्या सुमारास ते थांबलं. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या २०१७मध्ये शोधून काढल्या आणि २०२३मध्ये त्यातल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. ऐकताना आश्चर्य वाटतं ते धीटपणाचं. कुणी यंत्रातून पक्षी काढतंय, कुणी रागाची चौकट तपासतंय, कुणी नुसती एक खोलवरची गुणगुण लांबवतंय.

एवढं असून मागे काही का राहिलं नाही? यंत्र होतं, हुशार माणसं होती, परदेशी पाहुणेही होते. नव्हता तो वर्ग. दरवर्षी नवी मुलं येणार, आधीच्यांच्या टेप ऐकणार, त्यांना नावं ठेवणार आणि पुढे जाणार, ही साखळी त्या खोलीभोवती तयार झाली नाही. बर्मिंगहॅमला मूगचं अप्रूप नव्हतं, पण केबल ओढणारी पोरं दरवर्षी नवी येत राहिली.

लॉ कॉलेज रोडवरची शाळा

महाराष्ट्रात आवाजाचा वर्ग आहे, आणि चांगला आहे. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६०मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. बूम हातात धरून तासन्‌तास उभं राहणं, संवाद स्वच्छ टिपणं, पावलांचे आणि कपड्यांचे आवाज पडद्याकडे बघून पुन्हा करणं, सगळं मिक्स करणं. ही शिस्त कडक आहे. २००९मध्ये ‘स्लमडॉग मिलिअनेअर’साठी ऑस्कर घेणारे रसूल पुकुट्टी इथलेच.

या आवारात आवाजाचा वेगळा विचारही होऊन गेलाय. ऋत्विक घटक १९६५च्या सुमारास इथे शिकवत होते. त्यांच्या ‘मेघे ढाका तारा’त नायिकेच्या दुःखावर चाबकाचा फटकारा वाजतो. पडद्यावर चाबूक कुठेच नसतो. पॅरिसच्या स्टुडिओत शेफेर जे करू पाहत होता, त्याच्या फार जवळचं हे.

तरी पुण्याच्या वर्गात आवाज शेवटी चित्राच्या सेवेत असतो. डिप्लोमा फिल्म दिग्दर्शकाची, आवाज तिच्यासाठी. ज्याला चित्राविना नुसता आवाज रचायचा आहे, त्याला आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत जागा सापडत नाही. तिथे गायन आहे, तबला आहे, सतार आहे, शास्त्राचे पेपर आहेत, पण रचनेचं साधन म्हणून स्टुडिओ नाही. म्हणून अर्ज बर्मिंगहॅम, हडर्सफील्ड, मॉन्ट्रिअल इकडे जातात, किंवा हेगला. हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतली सोनॉलॉजी संस्था १९८६पर्यंत उट्रेख्ट विद्यापीठात होती आणि तिथे पदवीखेरीज एका वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. अशा ठिकाणी गुणपत्रिकेपेक्षा अर्जासोबत पाठवलेल्या रचना जास्त बोलतात. परतणारे पुढे सिनेमात, व्हिडिओ गेममध्ये, नाटकांच्या ध्वनीत, संग्रहालयांच्या दालनांत कामं शोधतात. एनआयडीच्या टेप आता कुणालाही ऐकता येतात आणि पिएझो चकती पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते.